मशिनला धूर लागू नये म्हणून

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा तेच सांगतो, फक्त आवाज चढवून. पिंपरीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी बारा वर्षं तेलाचे आणि रंगाचे नमुने तपासले, आणि त्या बारा वर्षांत मला खुर्चीचा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही. म्हणून एका संशोधन प्रकल्पात गावोगाव हिंडायचं काम आहे असं कळलं तेव्हा पगार कमी, नोकरी कंत्राटी, वय पंचेचाळीस, यातलं काहीही न बघता मी अर्ज करून मोकळी झाले. मुलाखतीत त्यांनी विचारलं, उन्हातान्हात फिरावं लागेल, चालेल का? मी म्हटलं, बसावं लागणार नाही ना, मग झालं.

प्रकल्पाचं नाव तीन ओळींचं होतं. मी लोकांना ते साधं करून सांगायचे. चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांच्या श्वासात रोज काय जातं ते मोजायचं, त्यांची फुफ्फुसं किती काम करतात ते तपासायचं, आणि या दोहोंचा काही संबंध लागतो का ते बघायचं. बघायचं काम आमच्या सरांचं होतं, मोजायचं माझं. माझ्या पिशवीत एक लांबलचक फॉर्म असायचा. एक फुंकीचं यंत्र असायचं, ज्याच्या नळीत दम संपेपर्यंत फुंकलं की आकडा येतो. आणि कंबरेच्या पट्ट्याला लावायचा एक छोटा पंप. पंपाची नळी गळ्यापाशी येते आणि तिच्या टोकाच्या डबीत पाणीपुरीच्या पुरीएवढी पांढरी चकती असते. माणूस ज्या हवेत वावरतो तीच हवा पंप ओढतो आणि तिच्यातली धूळ, काजळी त्या चकतीवर बसते. चोवीस तास तो अंगावर ठेवायचा, झोपताना उशाशी, अंघोळीपुरता बाजूला. दुसऱ्या दिवशी मी चकती काढायचे आणि ती पुण्याला वजनासाठी जायची. वजन म्हटलं की बायका हसायच्या. एवढ्याशा कागदाचं काय वजन करता मॅडम, आमचं करा म्हणायच्या.

हे काम लागल्यापासून माझी मूळची चुळबुळ आणखी वाढली. आम्ही रावेतला आठव्या मजल्यावर राहतो. मोकळी हवा मिळेल म्हणून कर्ज काढून तिथे गेलो, आणि आता मी सकाळी उठून आधी मोबाईलवर हवेचा रंग बघते. हिरवा असला तर खिडक्या उघडते, पिवळा झाला की लावते, मग गुदमरायला होतं म्हणून पुन्हा उघडते. द्रुतगती मार्गावरून येणारा तो सततचा आवाज मला पूर्वी ऐकूसुद्धा यायचा नाही. आता तो आला की मला धूर दिसायला लागतो. नवरा एकदा म्हणाला, तू हवा बघायचं बंद कर, हवा आपोआप सुधारेल. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण तो थोडा बरोबर होता.

रोज स्कूटरवरून स्पाइन रोडने मोशी, तिथून नाशिक महामार्ग, चिंबळी फाटा, आणि मग कुरुळी. पुढे नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबच्या लांब कंटेनर, मागे मी, तोंडावर ओढणी. दुसऱ्यांच्या श्वासाची काळजी वाहायला मी हा एवढा धूर गिळत जात होते, आणि ही गोष्ट तेव्हा मला जराही विचित्र वाटत नव्हती.

कुरुळीतलं ते घर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. गावातलं जुनं शेतकरी कुटुंब. काही जमीन कंपन्यांकडे गेली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी घरामागे बारा खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. खोल्यांत सगळी कामगार पोरं, कुणी लातूरकडची, कुणी बिहारची, एका खोलीत तीन-तीन, चार-चार. घरात वहिनी आणि तिच्या सासूबाई. वहिनीचा नवरा एका कंपनीच्या स्टोअरला होता, आणि मी जायचे तेव्हा तो कधीच नसायचा. वहिनी अडतिशीची, काटक, बोलता बोलता हात चालू ठेवणारी. सासूबाईंना मी मावशी म्हणायचे. त्या दारातल्या पायरीवर बसून माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वहिनीच्या आधी द्यायच्या.

"स्वयंपाक कशावर करता?" फॉर्मवर प्रश्न होता.

"ग्यासवर," मावशी म्हणाल्या. "कवापास्नं. आता चुलीवर कोन करतंय?"

मी आत डोकावले. टाइल्स लावलेला ओटा, लखलखीत शेगडी. 'गॅस' या चौकोनात खूण केली.

वहिनीला खोकला होता. मोठा, घर हलवणारा नव्हे. बोलताना मध्येच दोनदा-तीनदा येणारा, कोरडा. पाण्याची कळशी ठेवली की थोडा वेळ दाराला टेकायची. मी विचारलं तेव्हा मावशींनी लगेच निकाल दिला.

"आंबट खाती ती. चिच्चा दिसल्या की सुटत न्हाई. मंग खोकायचंच की. म्या रोज सांगती, पन ऐकंल तर शपथ."

वहिनी हसली. तिच्या नवऱ्याचं मत असं की ती मोबाईल बघत जागते म्हणून अशक्तपणा आला आहे. गावातल्या डॉक्टरांनी गोड औषधाची बाटली दिली होती, ती संपली की दुसरी देत होते. वहिनीने फुंकीच्या यंत्रात तीनदा फुंकलं. तिसऱ्या वेळी तिचे डोळे पाण्याने भरले, पण नळी सोडली नाही. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचा जो आकडा यायला हवा, त्याच्या तो बराच खाली होता. आमचा नियम असा की आकडा लगेच सांगायचा नाही, सगळा अभ्यास झाल्यावर सांगायचा. नियम करणाऱ्याला तो आकडा विचारणारा चेहरा समोर दिसत नाही, एवढंच मी त्या नियमाबद्दल बोलेन.

त्या दिवशी ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मावशींना ऐकू जाणार नाही इतकं अंतर पडल्यावर म्हणाली, "ताई, तुमची ती पुढची मोठी तपासणी हाय ना, फोटोबिटो काढायची, त्यात माझं नाव बसेल का?"

"का गं?"

"कागद मिळेल ना. घरात कुणाला खरं वाटत न्हाई. मला बी वाटतं कधी कधी, आपण नाटकच करतोय का काय."

हे ऐकून मला इतका राग आला की नक्की कुणाचा ते ठरवता येईना. मी म्हटलं, बसेल, मी बघते. असं वचन द्यायचा मला काहीही अधिकार नव्हता. पुढच्या टप्प्यात जागा मोजक्या होत्या. ज्यांच्या चकत्या काळ्या येतील त्यांनाच छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेणार होते, त्यांचाच पुढची काही वर्षं पाठपुरावा होणार होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला पंप लावला, तिसऱ्या दिवशी अकरा वाजता काढला. मी नेहमी अकराच्या सुमाराला जायचे. पहिल्या शिफ्टची पोरं कामावर, तिसरीची झोपलेली, दुसरीची अजून लोळत असतात. घरात शांतता असते, बायकांना बोलायला सवड असते. फॉर्मच्या शेवटच्या पानावर प्रश्न होता : पंप चोवीस तास अंगावर होता का? त्या दिवशी मला आणखी दोन घरं करायची होती. वहिनीने पंप पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि मी तिला न विचारताच 'होय' वर खूण केली. खरं सांगायचं तर मी तो प्रश्न कधी कुणालाच विचारत नसे. समोर पंप आहे, चालू आहे, बाई हसते आहे, मग विचारायचं काय?

चकती पांढरी आली. अगदी कोरी नव्हे, पण आमच्याकडे येणाऱ्या चकत्यांमध्ये उठून दिसेल इतकी स्वच्छ. सरांना त्यात रस वाटला. हवा चांगली आणि श्वास कमी, म्हणजे कारण दुसरं असणार, लहानपणी काही आजार झाला असेल, असं ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हेत. फक्त त्यांना माणसं कागदावरून भेटायची. पुढच्या टप्प्याच्या यादीत वहिनीचं नाव नव्हतं.

हे सांगायला मलाच जायचं होतं, कारण मीच बोलून बसले होते. वहिनी धान्य निवडत होती. मी म्हटलं, तुझ्या घरातली हवा तशी चांगली निघाली, त्यामुळे पुढच्या तपासणीत या वेळी नाव आलं नाही. तिने मान हलवली आणि सुपातले खडे बघत राहिली.

मावशींचा चेहरा मात्र उजळला. "बगा! म्या काय म्हनत व्हते? मशिननं बी सांगितलं. आता तरी चिच्चा सोड बाई."

आजवर त्या एकट्या बोलत होत्या. आता विज्ञान त्यांच्या बाजूने उभं राहिलं होतं, आणि ते मीच आणून उभं केलं होतं. मी चहासुद्धा घेतला नाही. स्कूटर काढली आणि निघाले.

चिंबळी फाट्यापर्यंत आले तेव्हा आठवलं, महिन्यापूर्वी पंप परत घेतला त्या कागदावर वहिनीची सही राहिली आहे. ही माझी नेहमीची तऱ्हा. घाई करायची, मग घाईने राहिलेलं करायला परत जायचं. वाटेत टपरीवर वडापाव खाल्ला, एक फोन झाला, आणि मी पुन्हा त्या घराशी पोचले तेव्हा दीड वाजला होता.

गल्लीत वळतानाच खोल्यांच्या पत्र्यावरून धूर दिसला. कचरा पेटवला असेल असं वाटलं. पायरीवर मावशी नव्हत्या. मी हाक मारत घरातून सरळ मागच्या अंगाला गेले. तिथे मी आजवर कधी गेलेच नव्हते. तीन मोठ्या दगडांची चूल, तिच्यावर अर्धा कापलेला पत्र्याचा ड्रम, ड्रममध्ये वाफाळणारं पाणी. चुलीपुढे वहिनी, डोळ्यांतून पाणी, पदर नाकाला, हातात एक फळी. बाजूला भिंतीला लागून फळ्यांची ही रास. कंपन्यांमध्ये यंत्रांचे सुटे भाग ज्या लाकडी पॅलेटवरून येतात, त्या मोडलेल्या पॅलेटच्या फळ्या. काहींवर निळा रंग, काहींवर तेलाचे डाग, काही नुसता भुसा दाबून केलेल्या. धूर पांढरा नव्हता, पिवळसर होता आणि घशात चिकटत होता. लॅबमधल्या बारा वर्षांनी एवढं तरी मला शिकवलं होतं की हा नुसत्या लाकडाचा वास नव्हे. खोल्यांपुढे पोरं बादल्या घेऊन रांगेत उभी होती.

"हे काय?" मी विचारलं.

"दुसऱ्या शिफ्टचं पाणी," वहिनी म्हणाली. "अंघोळीचं. भाड्यातच असतं ना."

"रोज?"

"तीनदा. पहाटं पहिल्या शिफ्टला, आत्ता दुसरीला, आन् कामावरनं येतात त्यांना. कंपनीतनं नुसती तेलानं माखून येतात पोरं."

"मावशी तर म्हणाल्या गॅसवर."

"सैपाक गॅसवरच हाय की," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. आणि खरंच होतं ते. आमच्या लांबलचक फॉर्ममध्ये स्वयंपाक कशावर करता एवढंच विचारलं होतं. पाणी कशावर तापवता, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण फॉर्म बनवणाऱ्या सगळ्यांच्या घरी नळ फिरवला की गरम पाणी येत होतं. माझ्याही घरी.

मग मी तो प्रश्न विचारला जो महिन्याभरापूर्वी विचारायला हवा होता. "पंप लावला होता त्या दिवशी पण हे पेटवलंस?"

"रोजच पेटवते."

"मग पंप?"

"तो काढून ठेवला होता की." तिने आतल्या भिंतीवरची खुंटी दाखवली. "तिथं. पिशवीत घालून, वरनं गाठ मारून. एवढं भारीतलं मशिन, धूर लागून खराब झालं असतं. नळी काळी पडली असती, मंग तुमचे साहेब तुमालाच बोलले असते ना ताई."

तिने हे अगदी सहज सांगितलं, थोडं कौतुकाच्या अपेक्षेने. तिच्या खुंटीवर, गाठ मारलेल्या पिशवीत, आमचा पंप तीन वेळा पिशवीतली हवा ओढत बसला होता. आणि बाहेर ती. यंत्राला जो धूर लागू नये असं तिला वाटलं, तोच ती दिवसातून तीनदा छातीत भरून घेत होती. मला रडूही येत होतं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. मी सही घेतली आणि आले.

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या आवारात किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. वॉचमनने विचारलं, मॅडम काही हरवलंय का? हरवलं नव्हतं, सापडलं होतं, आणि आता त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. सरांना सांगायचं म्हणजे 'होय' वर मी डोळे मिटून खुणा केल्या हे कबूल करायचं. एका घराचं नव्हे, सगळ्या घरांचं. प्रकल्प वर्षभर चालला होता. मार्चमध्ये माझं कंत्राट संपणार होतं. आणि न सांगायचं, तर वहिनीच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार होतं की हिच्या घरची हवा चांगली आहे. न सांगण्याचा विचार मी केला. एक फेरी नव्हे, बऱ्याच फेऱ्या केला. तो केला नाही असं लिहिलं तर ही सगळीच आठवण खोटी होईल.

सकाळी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं ते चिडतील. ते ताठ बसले, चष्मा काढला, आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. "अहो, हे तर फार महत्त्वाचं निरीक्षण आहे!" त्यांना आनंद झाला होता. त्या आनंदाचा मला इतका संताप आला की मी खुर्ची ओढून बसले, आणि मी बसले याचा अर्थ माझ्या ओळखीच्या माणसांना कळेल. मी म्हटलं, सर, निरीक्षण नाही ती, बाई आहे. आणि तिला श्वास घेता येत नाही.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाकीच्या घरांचं काय?"

बाकीच्या घरांचं मला माहीतच नव्हतं. माझ्या हातच्या सगळ्या फॉर्मांवर लाल शेरा पडला आणि मी पुन्हा दारोदार फिरायला निघाले, या वेळी एकच प्रश्न घेऊन. उत्तरं ऐकून हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. एकीने पंप लुगड्यांच्या कपाटात ठेवला होता, कारण झाडताना धूळ उडते. एकीने देव्हाऱ्याशेजारी ठेवला, तिथे कुणी हात लावत नाही म्हणून. एक काका भट्टीवर कामाला होते, त्यांनी तो कंपनीत नेलाच नाही. म्हणाले, "तिथं लय घाण हाय मॅडम, तुमचं मशिन पार वाया गेलं असतं." घरी आलेल्या पाहुण्याची वस्तू जपावी तसा लोकांनी आमचा पंप जपला होता. जिथे जिथे हवा वाईट, तिथून तिथून त्याला उचलून चांगल्या जागी ठेवला होता. आणि आम्ही पुण्यात त्या चकत्यांचं वजन दशांशापर्यंत करत होतो.

वहिनीकडे मी पुन्हा पंप लावला आणि या वेळी चूल पेटेल तेव्हा तिथे हजर राहायचं ठरवलं. पहाटे साडेचारला स्कूटर काढून पहिल्या शिफ्टच्या पाण्याला तिच्याशेजारी जाऊन बसले. तिचा हात दोनदा पट्ट्याकडे गेला. "ताई, खरंच काळं हुईल हो," ती म्हणत होती. मी म्हटलं, होऊ दे, त्याचं कामच ते आहे. मावशी दारातून बघत होत्या. चुलीत फळी कशी सारायची ते वहिनीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, कारण एरवी तिला येत नसावं. अर्ध्या तासाने माझा घसा बसला. त्या धुरात ती चौदा वर्षं बसली होती, लग्न होऊन आल्यापासून नव्हे, खोल्या बांधल्यापासून.

दुसऱ्या दिवशी डबी उघडली. चकती तव्याच्या बुडासारखी होती. वहिनीने ती बघितली आणि लगेच पदराने खालची फरशी पुसली. मला आधी समजलं नाही. मग ती म्हणाली, "ही तुमी तिकडं सगळ्यांना दावनार? लोक म्हणतील, हिच्या घरात किती घाण."

"ही तुझ्या घरातली घाण नाही," मी म्हटलं. "ही तुझ्या अंगात जाते ती आहे. एका दिवसाची."

ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिल्याचा आवाज येत होता.

तिचं नाव यादीत आलं. पिंपरीच्या एका दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, फोटो काढले, पुन्हा फुंकायला लावलं. गेलेला श्वास पूर्ण परत यायचा नाही, पण आहे तो टिकवता येईल, असं त्यांनी सांगितलं. ओढायचं औषध दिलं. आणि कागदावर स्वच्छ मराठीत लिहिलं : धुरामुळे श्वासनलिकांचा आजार. चुलीचा धूर पूर्ण बंद करावा. मीच त्यांना मराठीत लिहा म्हणून गळ घातली होती. वहिनीने तो कागद रिक्षात तीनदा वाचला. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे हाय ना काहीतरी." एखाद्याला आजार निघाल्याचा एवढा दिलासा वाटावा, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी तिने कागद मावशींपुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. मावशी उठल्या आणि वहिनीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, ओझरता, कुणी बघू नये असा. चिंचांचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. मी त्या दिवशी गाणं गुणगुणत परत आले. मोशीच्या सिग्नलला धुरात उभी असतानासुद्धा मला बरं वाटत होतं.

महिन्याभराने मी मुद्दाम दीड वाजता गेले. गल्लीत वळले आणि पत्र्यावर तोच पिवळसर धूर. माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं करून, एवढा कागद आणून, ही बाई पुन्हा चुलीपुढे! मी चपलांसकट घरात शिरले. वहिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मागचं दार लावलेलं, फटीला ओलं फडकं कोंबलेलं.

"मला न्हाई बसू देत ताई," ती खाली बघत म्हणाली.

मी मागचं दार उघडलं. चुलीपुढे मावशी बसल्या होत्या. पदर नाकातोंडावर घट्ट बांधलेला, पाय पसरून फळी दगडावर टेकवून मोडत होत्या. पोरं बादल्या घेऊन रांगेत उभी होती.

"या," त्या म्हणाल्या. "तिला आता चुलीफुडं येऊ द्येत न्हाई मी. डाक्टरनी कागुदच दिलाय ना. लय येयाला बगती, पन म्या दारच लावून घेते."

"मावशी, डॉक्टरांनी चूल बंद करा म्हटलं होतं. माणूस बदला असं नव्हतं म्हटलं!" माझा आवाज चढला होता. "लाईटवर का नाही तापवत पाणी?"

"हिटर लावला की बारा खोल्यांची लाईट जाती. ल्योक बगतोय म्हनला, दिवाळीनंतर." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत थांबल्या. "तवर ह्या पोरांनी काय गार पान्यानं तेल काढायचं व्हय अंगाचं? माजं काय, मला सवय हाय. तिला जगायचंय अजून."

त्यांनी पदर जरा खाली केला आणि म्हणाल्या, "मला बी लावा की तुमचं मशिन. म्या न्हाई काढायची."

हात सवयीने पिशवीत गेला आणि मी फॉर्म काढला. "वय किती मावशी?"

"पासष्टाच्या फुडं."

मी फॉर्म पुन्हा आत ठेवला. "साठच्या पुढच्यांना घेत नाहीत आमच्या अभ्यासात," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मोडलेली फळी आत सारली. वारं फिरलं तसा धूर माझ्या अंगावर आला. "तुमी सरा तिकडं बाई. डोळ्यात जाईल तुमच्या."

मी सरले.